कागदी कीटकाचे पाय : बारीक, गोल आणि टिकाऊ कसे करावेत?

निफाड (प्रतिनिधी) : ऑक्टोबरमधील फळछाटणी उरकली की तालुक्यातील द्राक्षबागायतदाराची नजर वेलीवर फुगणाऱ्या डोळ्यांकडे लागते. नेमक्या त्याच सुमारास, हेच कोवळे डोळे पोखरणारा उडद्या भुंगेराही बागेत उतरतो. लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, रंग काशाच्या भांड्यासारखा आणि पंखांच्या टणक आवरणावर सहा गडद ठिपके. हा भुंगेरा भिंगाखाली धरला, तर पाठीवरच्या ठिपक्यांइतकेच लक्ष वेधून घेतात ते त्याचे सहा पाय. केसासारखे बारीक, तरीही जागोजागी सांधे असलेले आणि शरीराचा सगळा भार तोलणारे.

हाच भुंगेरा कागदाच्या एकाच चौकोनातून, कात्री न लावता घडवायचा, असे ठरवले तर? पाठ साधते, डोके साधते, पंखांचे आवरणही साधते. घोडे अडते ते पायांशी. ओरिगामीच्या छंदात थोडे पुढे गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. दोन-तीन तास खपून आकार तयार होतो आणि अखेरीस त्याला सहा चपटे, जाडजूड, पट्टीसारखे पाय फुटतात. भुंगेऱ्याऐवजी खेकडा झाल्यासारखा वाटतो आणि पुष्कळजण तेथेच हा नाद सोडून देतात. वास्तविक हा दोष बोटांच्या कौशल्याचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो कागदाच्या निवडीचा आणि गणिताचा असतो. कीटकाचे पाय बारीक आणि गोलसर करण्याची रीत, तिच्यामागील कारणे आणि आपल्याकडे सहज मिळणारे साहित्य यांची माहिती या लेखात दिली आहे.

एका चौकोनातून सहा पाय

जपानी भाषेत 'ओरु' म्हणजे घडी घालणे आणि 'कामी' म्हणजे कागद. या दोन शब्दांपासून 'ओरिगामी' हा शब्द बनला. आपल्याकडेही होडी, विमान आणि शाईची दौत हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. महाराष्ट्रात या कलेला हौशी मंडळींचा मोठा आधार लाभला. मुंबईत 'ओरिगामी मित्र' हे हौशी कलाकारांचे मंडळ आहे, तर २०२२ मध्ये दिवंगत झालेले लेखक डॉ. अनिल अवचट यांनी आपल्या लेखनातून आणि मुलांसमोर केलेल्या प्रात्यक्षिकांतून ही कला अनेक मराठी घरांपर्यंत नेली.

कीटक हा मात्र या कलेतील अवघड प्रांत समजला जातो. पारंपरिक पक्ष्याच्या घडीतून चार लांब टोके निघतात. पक्ष्याला तेवढी पुरतात, कारण चोच, शेपटी आणि दोन पंख एवढेच हवे असते. कीटकाला सहा पाय, दोन मिशा, डोके आणि उदर असा लवाजमा लागतो. म्हणून जुन्या काळी जादा पाय काढण्यासाठी कागदाला काप देण्याची प्रथा होती.

आधुनिक ओरिगामीचे प्रवर्तक मानले जाणारे अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी ओलसर कागदाला घडी घालण्याचे तंत्र रूढ केले. कागद किंचित दमट करून त्याला वळण द्यायचे आणि वाळल्यावर ते वळण कायम राहू द्यायचे, हे त्याचे सूत्र. गोल पाय घडवण्याच्या आजच्या रीतीचा पाया याच तंत्रात आहे.

पुढचा टप्पा गणिताचा होता. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग आणि जपानमधील मेगुरो तोशियुकी यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे काम करून, हवी तितकी टोके चौकोनातून कशी काढावीत याची वर्तुळांवर आधारलेली पद्धत मांडली. १९९०च्या दशकात जपानमधील 'ओरिगामी तांतेइदान' या मंडळाचे कलाकार आणि लँग यांच्यात अधिकाधिक अवघड कीटक रचण्याची मैत्रीपूर्ण चढाओढ रंगली. ओरिगामीच्या वर्तुळात ती 'कीटकांचे युद्ध' म्हणून ओळखली जाते. लँग यांचे केवळ कीटकांना वाहिलेले पहिले पुस्तक १९९५ मध्ये, तर रचनाशास्त्रावरील मोठा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये त्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ हीच कला पत्करली.

पाय जाड का होतात?

ओरिगामीत पाय, मिशी किंवा शेपटी यांसाठी कागदातून जे सुटे टोक निघते, त्याला आपण 'फाटा' म्हणू. वर्तुळपद्धतीचा नियम असा की, जितक्या लांबीचा फाटा हवा, तितक्या त्रिज्येचे वर्तुळ चौकोनावर त्याच्यासाठी राखून ठेवावे लागते. फाटा चौकोनाच्या कोपऱ्यातून निघत असेल तर पाव वर्तुळ पुरते, कडेवरून निघत असेल तर अर्धे लागते आणि मध्यभागातून निघत असेल तर पूर्ण वर्तुळ लागते.

हा फरक किती मोठा आहे ते पाहू. पाय ८ सेंटिमीटर लांबीचा हवा आहे असे धरा. कोपऱ्यातील पायासाठी सुमारे ५० चौरस सेंटिमीटर कागद लागेल, कडेच्या पायासाठी सुमारे १०० आणि मधल्या पायासाठी सुमारे २००. लांबी तीच, पण मधल्या पायात कोपऱ्यातील पायाच्या चौपट कागद कोंबला जातो. चौकोनाला कोपरे चारच आणि पाय सहा. म्हणजे काही पाय कडेवरून किंवा मध्यातून काढण्यावाचून गत्यंतर नाही. एकाच कीटकाचे दोन पाय सुबक आणि उरलेले बोजड का होतात, याचे उत्तर येथे मिळते.

आता दुसरे गणित. पाय अरुंद करण्यासाठी त्याला लांबीच्या दिशेने मधोमध दुमडतात. दर घडीला रुंदी निम्मी होते, मात्र थर दुप्पट होतात. समजा, पाय ८ मिलिमीटर रुंद असून त्याला ४ थर आहेत. तीन घड्यांनंतर रुंदी १ मिलिमीटर होईल आणि थर ३२ होतील. छायाप्रतीसाठी वापरतात त्या नेहमीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. त्याचे ३२ थर म्हणजे ३.२ मिलिमीटर. रुंदीपेक्षा जाडी तिप्पट झाली, म्हणजे पट्टी आडवी होती ती केवळ उभी झाली. हाच कागद ०.०३ मिलिमीटर जाडीचा असता, तर ३२ थरांची जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरली असती. रुंदी १ आणि जाडीही १, असा हा पाय हलकेच चोळला तरी गोल होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. घड्या कितीही वाढवल्या तरी पायातील कागद कमी होत नाही, तो केवळ जागा बदलतो. वरील उदाहरणातील साध्या कागदाचा पाय कितीही घट्ट वळला, तरी त्याचा व्यास २ मिलिमीटरच्या खाली येणार नाही. तेथे पातळ कागदाचा पाय १.१ मिलिमीटरपर्यंत येईल. म्हणून पाय बारीक व्हावेत यासाठी बोटांना दुखवण्यापूर्वी कागद बदलावा, हा पहिला धडा.

कागद कोणता घ्यावा?

कीटकासाठीचा कागद पातळ हवा, लांब तंतूंचा हवा आणि ओलाव्याने न फाटणारा हवा. परदेशांत यासाठी तुतीवर्गीय झाडांच्या सालीपासून केलेला जपानी कागद वापरतात. नेपाळमध्ये बनणारा 'लोकता' कागदही चिवट असतो. मात्र त्याचा सर्वांत पातळ प्रकारच मागून घ्यावा.

महाराष्ट्राला हातकागदाची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळचे कागझीपुरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. परंतु सुती चिंध्यांपासून केलेला जाड हातकागद कीटकांच्या पायांसाठी उपयोगी नाही. हत्ती, मासा किंवा मुखवटा असे मोठे, गोलाई असलेले आणि थोड्या घड्यांचे आकार ओलसर पद्धतीने करायचे असतील, तर तो उत्तम.

नाशिक जिल्ह्यातील हौशी मंडळींना एक सोपा पर्याय घरापाशीच आहे. शेजारच्या येवल्यात संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव होतो. त्या मोसमात पतंगाच्या कागदाचे ताव सर्वत्र मिळतात. एकटा ताव फारच नाजूक असतो, पण दोन ताव पातळ खळीने एकमेकांना चिकटवले की घडी धरून ठेवणारा आणि दोन बाजूंना दोन रंग असलेला कागद तयार होतो. त्यासाठी काच किंवा गुळगुळीत फरशी पुसून घ्यावी, पहिला ताव तिच्यावर पसरून त्याला मधून कडेकडे खळ लावावी, दुसरा ताव त्यावर बसवून रुंद कुंचल्याने हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत आणि तो पूर्ण वाळल्यावरच सोडवावा. काही गडद तावांचा रंग पाण्याने सुटतो. म्हणून आधी एका कोपऱ्यावर ओले बोट लावून पाहावे.

दोन पातळ तावांमध्ये स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवण्याचीही पद्धत आहे. हा कागद वाकवावा तसा राहतो, त्यामुळे नवशिक्यांना तो आवडतो. पण त्याला सुरकुत्या लवकर पडतात, वारंवार वाकवलेल्या जागी धातू तुटतो आणि पायाला चुकून धक्का लागला तर तो मुकाट्याने नवा आकार धरून बसतो. सरावाला ठीक, जपून ठेवण्याच्या कामाला बेताचाच.

आकाराबाबतही हात आखडता घेऊ नये. पहिल्या प्रयत्नासाठी चौकोनाची बाजू किमान ३५ ते ४० सेंटिमीटर असावी.

खळ कशी करावी?

ओरिगामीत चिकटद्रव्य वापरणे म्हणजे लबाडी, असा काहींचा समज असतो. प्रत्यक्षात प्रदर्शनांत मांडलेल्या अनेक नामांकित कीटकांच्या पायांत खळ असते. तिचा उपयोग तुकडे जोडण्यासाठी नसून थर एकत्र धरून ठेवण्यासाठी आणि कागदाला ताठपणा आणण्यासाठी होतो. चौकोन एकच आणि अखंड असावा, हा नियम त्यामुळे मोडत नाही. पायात तार घालण्याबद्दल मात्र मतभेद आहेत. शुद्धतेचा आग्रह धरणारे ती निषिद्ध मानतात. घातलीच तर प्रदर्शनात तसे सांगावे, हे उचित.

सर्वांत सोयीची खळ मिथाइल सेल्युलोजची. जुन्या कागदपत्रांच्या जतनासाठीही ती वापरतात. वाळल्यावर ती चकाकत नाही, डाग ठेवत नाही आणि पुन्हा ओली केली की सुटते, त्यामुळे चूक दुरुस्त करता येते. तिची एक खोड ध्यानात ठेवावी. ही पूड गरम पाण्यात विरघळत नाही, थंड पाण्यात विरघळते. पण थेट थंड पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात ती ढवळून मोकळी करावी, मग थंड पाणी घालून काही तास ठेवावी. पेजेसारखी दाट आणि पारदर्शक झाली की खळ तयार.

मैद्याची घरगुती खळही चालते, पण तिच्यावर झुरळे आणि कसर तुटून पडतात. जुने बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालीत, तथापि तो विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत वापरू नये. पांढरा गोंद पाणी घालून वापरता येतो. मात्र तो वाळल्यावर चकाकतो आणि झालेली चूक सोडवू देत नाही.

पाय वळण्याची रीत

शरीराच्या सर्व घड्या पूर्ण झाल्याखेरीज पायांना ओलावा लावू नये. त्यानंतर एका वेळी एकच पाय हाती घ्यावा आणि पुढील क्रमाने काम करावे.

१. पाय कोरडा असतानाच लांबीच्या दिशेने अरुंद करून घ्यावा. दोन्ही कडा मध्यरेषेवर आणाव्यात आणि मग मधोमध दुमडावे. उघड्या कडा शरीराच्या खालच्या किंवा आतल्या बाजूला येतील, असे पाहावे.

२. घड्या थोड्या उकलून बारीक कुंचल्याने आतील थरांना खळ लावावी. थर दमट व्हावेत, निथळू नयेत. खळ मुळापासून टोकाकडे ओढावी.

३. घड्या पुन्हा मिटवून चिमट्याने मुळापासून टोकापर्यंत दाबत जावे. जादा खळ बाहेर येईल, ती ओल्या फडक्याने टिपावी.

४. एक-दोन मिनिटे थांबावे. कागद ओलाचिंब असताना वळला तर फाटतो आणि कोरडा झाल्यावर वळला तर उलगडतो. बोटाला गार लागेल, पण बोट ओले होणार नाही, ही योग्य वेळ.

५. आता अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पाय धरून, देवाची वात वळतात तसा हलक्या हाताने वळावा. प्रारंभ मुळाशी करावा आणि टोकाकडे जावे. उघडी कड ज्या दिशेने आत जाते, त्याच दिशेने वळावे. मागे-पुढे चोळल्यास थर सुटतात. पीळ देऊ नये, कारण पीळ दिलेला पाय दोरीसारखा दिसतो आणि मुळाशी तुटतो.

६. सुती दोऱ्याचे विरळ वेढे देऊन किंवा केसांच्या छोट्या क्लिपा लावून पाय वाळू द्यावा. वाळल्यावर दोरा काढून, उघडी राहिलेली कड खळीच्या एका थेंबाने बसवावी.

मधल्या पायांत कागद जास्त असल्याने ते प्रथम करावेत. ते जितके बारीक होतील, तितकेच बाकीचे ठेवावेत. चार पाय अतिशय बारीक आणि दोन जाड असण्यापेक्षा सहाही पाय सारखे असलेले डोळ्यांना बरे दिसतात.

सांधे आणि तोल

पाय गोल झाला म्हणजे काम संपले असे नाही. कीटकाचा पाय शेवईसारखा वळलेला नसतो, तो सांध्यांवर कोनात मोडलेला असतो. शास्त्रीयदृष्ट्या त्याचे पाच भाग मानतात. कागदी नमुन्यात त्यांतील तीन दाखवले तरी पुरते. ते म्हणजे मांडी, नडगी आणि पाऊल. मांडी शरीरापासून वर जाते, नडगी खाली उतरते आणि पाऊल जमिनीला टेकते. सांध्याच्या जागी थेंबभर पाणी लावून चिमट्याने चिमटा घ्यावा आणि कोन द्यावा. दोन सांध्यांमधील भाग सरळ ठेवावा.

सहाही पाय वक्षातून, म्हणजे शरीराच्या मधल्या भागातूनच निघतात. उदराला पाय नसतात. पुढची जोडी पुढे आणि मधली व मागची जोडी मागे झुकलेली असते. जातीनुसार फरकही करावा लागतो. नाकतोड्याच्या मागच्या मांड्या जाड असतात, म्हणून तेथे पाय वळूच नये, केवळ नडगी वळावी. प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय भक्ष्य पकडण्याचे असल्याने तेही चपटेच शोभतात.

तोलासाठी निसर्गाचीच युक्ती उपयोगी पडते. बहुतेक कीटक चालताना एका बाजूचे पुढचे व मागचे आणि दुसऱ्या बाजूचे मधले पाऊल एकाच वेळी टेकवतात. ती एक तिपाईच होते. कागदी कीटक डगमगत असेल तर सहाही पावले एकदम जुळवत बसू नये. अशी तीन पावले आधी पक्की करावीत आणि उरलेली तीन नंतर जमिनीला लावावीत.

हवा, ओलावा आणि जतन

कागद हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो. म्हणून पाय कोणत्या ऋतूत वळले, यालाही महत्त्व आहे. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. येथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते. या दिवसांत दुपारची हवा कोरडी असल्याने खळ लवकर सुकते आणि वळण्यापूर्वीच पाय ताठरतो. अशा वेळी पंखा बंद ठेवावा, बाकीच्या पायांवर दमट फडके टाकावे आणि शक्यतो सकाळी काम करावे. पावसाळ्यात नेमके उलट होते. खळ वाळता वाळत नाही आणि वळलेले पाय हळूहळू उलगडतात. प्रस्तुत प्रतिनिधीने जुलैत केलेल्या भुंगेऱ्याचे पाय दोन दिवसांत फाकले होते. हिवाळ्यात केलेला त्याचाच जोडीदार मात्र आजही ताठ उभा आहे.

तयार कीटक झाकण असलेल्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. थेट उन्हात ठेवल्यास पतंगाच्या कागदाचा रंग उडतो. खऱ्या कसरीने कागदी भुंगेऱ्याचे पाय कुरतडल्याची उदाहरणे हौशी मंडळींना नवी नाहीत, तेव्हा डबी अधूनमधून उघडून पाहावी.

नेहमीच्या चुका

• कागद जाड घेणे आणि दोष हाताला देणे.
• शरीर पूर्ण होण्याआधीच पाय ओले करणे.
• सहाही पायांना एकदम खळ लावणे. शेवटच्या पायापर्यंत पोहोचेतो तो वाळलेला असतो.
• पाय मुळाशी न वळता केवळ टोकाशी वळणे. त्यामुळे तो मुळाशी पंख्यासारखा उघडतो.
• सांधे न देता पाय कमानीसारखे वाकवणे.
• खरा कीटक न पाहता केवळ आकृतीवरून काम करणे.

या यादीतील शेवटची चूक सर्वांत मोठी. द्राक्षबागेत दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. वेलीवरील पिठ्या ढेकणाचा फडशा पाडणारा क्रिप्टोलीमस भुंगेरा हा बागायतदाराचा मित्र असून, तो बागांमध्ये मुद्दाम सोडला जातो. त्याची अळी अंगावर पांढरे मेणचट तंतू वागवते, त्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच भासते आणि अजाणतेपणी मारली जाते. फरक कळतो तो हालचालीवरून आणि पायांवरून. मित्राची अळी झपझप चालते, तर ढेकूण जागेवरच बसून रस शोषत असतो.

कागदाचे सहा पाय वळण्यासाठी ज्याने आठ दिवस भिंगातून खरे पाय न्याहाळले, तो मुलगा असो की मोठा माणूस, फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी एकदा तरी पानाच्या मागे वाकून पाहील. पतंगाचे दोन ताव, वाटीभर खळ आणि एक चिमटा एवढ्या भांडवलावर ही सवय लागत असेल, तर सौदा महाग नाही.